आधी गप्प बसायला शिकवलं

नदीकाठ (सोमवार, रात्री १०:१२)

गेल्या महिन्यात डेक्कनवरच्या एका सभागृहात २८ जणांच्या गटात पाच दिवस प्रशिक्षणाला बसले होते. लिहू लिहू म्हणत राहून गेलं. काल गाड्यांच्या तोडफोडीच्या एका बातमीखाली 'फोडून काढा साल्यांना' छापाच्या कमेंट वाचल्या आणि शेवटी लिहायला बसले.

विषय असा. गुन्हा ज्याच्यावर झाला ते मूल आणि गुन्हा ज्यानं केला ते मूल, या दोघांशी आपण मोठी माणसं बोलतो कसं? आपण म्हणजे पोलीस, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, मुलावर देखरेख ठेवणारे), वकील, समुपदेशक. नुसत्या शिक्षेऐवजी झालेलं नुकसान भरून काढण्याकडे बघणाऱ्या या पद्धतीला इंग्रजीत रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात. मराठी पत्रकावर 'पुनर्स्थापक न्याय' असं छापलं होतं. तो शब्द उच्चारला की समोरचा जांभई देतो. बरा शब्द सुचला तर सांगा.

मी अकरा वर्षं वस्त्यांमधून समुपदेशनाचं काम करते, येरवड्याच्या निरीक्षण गृहातही जाणं-येणं असतं. (जुनी माणसं अजून रिमांड होमच म्हणतात.) त्यामुळे थोड्या तोऱ्यातच गेले होते.

पहिल्याच सकाळी जोड्या लावल्या. एकानं लहानपणी आपल्यावर झालेला अन्याय सांगायचा, दुसऱ्यानं चार मिनिटं फक्त ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, 'असू दे गं' म्हणायचं नाही. माझी जोडीदार एक महिला फौजदार होती. तिसरीत असताना बाईंनी तिच्यावर कंपासपेटी चोरल्याचा आळ घेतला होता. दुसऱ्या दिवशी पेटी सापडली, पण ते बाईंनी वर्गात सांगितलंच नाही. वर्षभर मुलं तिच्याजवळ दप्तर ठेवायची नाहीत. एवढं ऐकलं आणि मी बोलून गेले, "बाईंच्या लक्षात नसेल राहिलं." मिनिटसुद्धा झालं नव्हतं. ती एकदम गप्प झाली आणि उरलेला वेळ आम्ही दोघी पंख्याकडे बघत बसलो.

नंतर प्रशिक्षक माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "तुम्ही बाईंची वकिली केलीत." अकरा वर्षांत मी किती मुलांसमोर अशी वकिली केली असेल, हे मोजायचं धाडस अजून झालेलं नाही.

'का केलंस?' हा प्रश्न पाचही दिवस बंद होता. पोराला त्यात आरोप ऐकू येतो. मग ते 'माहीत नाही' म्हणतं, नाहीतर आपल्याला आवडेल अशी गोष्ट रचून सांगतं. त्याऐवजी विचारायचं: काय झालं? तेव्हा मनात काय चाललं होतं? त्यानंतर काय काय वाटत गेलं? कुणाकुणाला त्रास झाला असं तुला वाटतं? आता काय केलं तर बरं होईल? ऑस्ट्रेलियातल्या वागा वागा गावच्या पोलिसांनी १९९१ मध्ये मुलांच्या प्रकरणांत गुन्हा करणारा आणि ज्याच्यावर झाला तो, दोघांना समोरासमोर बसवणाऱ्या बैठका सुरू केल्या, त्यातून हे प्रश्न आले. म्हणजे हे खूळ प्राध्यापकांचं नाही, खाकीतल्या माणसांचं आहे.

आणि बैठक ही शेवटची पायरी. तासाभराच्या बैठकीसाठी आधी कित्येक आठवडे खपावं लागतं. दोन्ही मुलांना वेगवेगळं, अनेकदा भेटायचं. ज्याच्यावर गुन्हा झाला त्यानं ठरवायचं की बैठक हवी का, कुठे, सोबत कोण, आधी आत कोण येणार, दाराजवळ कोण बसणार. बाहेर पडताना दोघं एकाच जिन्यात समोरासमोर येऊ नयेत, इथपर्यंत सगळं आखायचं. आमच्या गटानं सरावात बाकी सगळं केलं आणि जिना विसरला.

एक गंमत. गोलात बसल्यावर हातात वस्तू असेल त्यानंच बोलायचं. पहिल्या दिवशी कुणीतरी हौसेनं भोवरा आणला. मुलांची भूमिका करणाऱ्या दोन्ही हवालदारांनी तो पाच मिनिटांत फरशीवर फिरवायला घेतला! दुसऱ्या दिवशी मऊ चेंडू आला.

बाकी प्रतिसादांत लिहीन.

सदाशिवची_बोळ (सोमवार, रात्री १०:३१)

म्हणजे ३०० शब्दांचा निबंध. कळलं.

अबोली७ (सोमवार, रात्री १०:४०)

छान लिहिलंय. कंपासपेटी वाचून पोटात कालवलं. वाचतेय.

नदीकाठ (सोमवार, रात्री ११:०५)

@सदाशिवची_बोळ, अपेक्षितच होतं. मे २०२४ नंतर पुण्यात बाल न्याय मंडळ (मुलांच्या गुन्ह्यांची प्रकरणं चालतात ते) म्हटलं की दुसरं काही आठवतच नाही कुणाला. चूक नाही तुमची. कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले आणि त्याच्या जामिनाच्या अटींत निबंध आला. प्रशिक्षणातही दुसऱ्याच दिवशी तो विषय निघाला.

पण निबंध वाचणार कोण? तपासणारा साहेब. ज्यांचं माणूस गेलं ते त्यात कुठेच नाहीत. मी लिहितेय त्याची सुरुवातच त्यांच्यापासून होते, आणि त्यांनी 'आम्हाला काही नको, खटला चालवा' म्हटलं तर विषय तिथेच संपतो. इतक्या जिवावरच्या प्रकरणात त्यांच्या दारात जाऊन 'बैठक करूया का' असं विचारणंही मला क्रूर वाटेल. त्यांच्याकडून मागणी आली तरच.

रफूवाला (मंगळवार, सकाळी ७:५०)

शब्द सुचवतो: सांधणारा न्याय. किंवा माझ्या नावाला जागून, रफू-न्याय. (धाग्यावर रफू, हल्ली असेच विनोद सुचतात.)

माजी_फौजदार (मंगळवार, सकाळी ८:१५)

३१ वर्षं नोकरी झाली. चार शब्द लिहितो, राग मानू नये.

कायद्याप्रमाणे प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, सहायक फौजदार किंवा त्यावरचा. मीही होतो. पोराला हातकडी नाही, लॉकअप नाही, त्याच्यासमोर गणवेश नाही, हे सगळं पाठ होतं. पण तोच अधिकारी गणपतीच्या बंदोबस्ताला, तोच पालखीला, तोच नाकाबंदीला. साधा शर्ट कपाटात टांगून ठेवला होता. पोरगं आणलं की कपडे बदलायचे. एकदा बदलायला वेळच मिळाला नाही. मला बघून पोरानं चड्डीत केली. बारा वर्षांचं होतं, चोरीचा मोबाईल सापडला होता त्याच्याजवळ.

मी दोन प्रशिक्षणं केली. दुसऱ्यानंतर चार महिन्यांत बदली, नव्या जागी टेबल वेगळं. माझ्या जागी आलेल्या पोराला कुणी पाठवलंच नाही. शिकलेला माणूस टेबलासोबत राहत नाही, हे दुखणं आहे. तुमचे पाच दिवस चांगलेच असतील, पण त्या २८-३० जणांतले वर्षानं किती त्याच कामावर दिसतील?

काळा_कोट (मंगळवार, सकाळी ११:२०)

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण वर थोडी सरमिसळ होण्याची शक्यता दिसते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ हा १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम ३ मधल्या तत्त्वांत, मुलाच्या किंवा समाजाच्या हिताला बाधा येत नसेल तर न्यायालयीन कारवाईशिवाय मार्ग काढण्याला उत्तेजन द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. कलम १८ खाली मंडळ समज देऊन घरी पाठवणे, गटसमुपदेशन, समाजसेवा, परिविक्षा असे आदेश देऊ शकते; विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे. सांधणारी बैठक (शब्द आवडला) बसवायला जागा आहे ती इथे.

एक सापळा. याच कायद्यात 'रिस्टोरेशन' हा शब्द येतो, त्याचा अर्थ मुलाला कुटुंबात परत पोचवणे. त्याचा या विषयाशी संबंध नाही. मी स्वतः एका व्याख्यानात वक्त्याला हा घोळ घालताना ऐकले आहे.

दुसरे, हे मांडवली नव्हे. मांडवलीत दोन्हीकडचे मोठे बसतात, आकडा ठरतो, तक्रार मागे जाते आणि मूल बाहेर बाकावर बसलेले असते. इथे मूल आत असते. संयुक्त राष्ट्रांची २००२ ची मूलतत्त्वे पाहा: दोन्ही बाजूंची खुशी हवी, ती कधीही मागे घेता येते, बैठकीत बोललेले पुढे कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही, आणि बैठक फिसकटली म्हणून शिक्षा वाढवता येत नाही.

ग्रामीण_टपाल (मंगळवार, दुपारी १:४५)

अहो हे आपल्याकडे होऊन गेलं की. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम, १५ ऑगस्ट २००७. मी आमच्या गावच्या समितीत होतो. हेतू चांगलाच होता, बांधावरची भांडणं खरंच मिटली. पण तंटामुक्त जाहीर झालं की गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखांत बक्षीस, मग सरपंच घरोघरी फिरून 'घ्या मिटवून, गावाची इज्जत आहे'. दोन पोरांच्या मारामारीत एकाचा दात पडला होता. त्याला हाताला धरून दुसऱ्याच्या गळ्यात घातलं, फोटो काढला. फोटोत दात नसलेलं पोरगं हसत नाही. ते आता तिशीत आहे, अजून त्या घराच्या पायरीला पाय लावत नाही.

अबोली७ (मंगळवार, दुपारी २:१०)

मला हीच भीती वाटते. 'गावाची इज्जत' म्हटलं की सगळ्यात आधी मुलगी गप्प होते. जातपंचायतींनी काय केलं ते पाहूनच आपल्याकडे २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा करावा लागला ना? उद्या पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) प्रकरणात कुणी म्हणालं, 'दोन्ही मुलं लहान आहेत, बसून मिटवूया', तर?

काळा_कोट (मंगळवार, दुपारी ३:०२)

मिटवता येत नाही. पोक्सोमधला गुन्हा तडजोडयोग्य नाही, आणि कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्याने कळवणे बंधनकारक आहे. बैठक झाली म्हणून खटला संपत नाही.

बाकी त्या कायद्यातच लहान पीडितासाठी बरेच काही लिहिलेले आहे, वापरले जात नाही ही गोष्ट वेगळी. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, गणवेशाशिवाय. साक्षीच्या वेळी आरोपी नजरेसमोर नको. मधे मधे विश्रांती. पुन्हा पुन्हा बोलावणे नको. आक्रमक प्रश्न नकोत. २०२० च्या नियमांनुसार सोबतीला सपोर्ट पर्सन. 'बाळा, न घाबरता खरं सांग' असे दरडावून म्हणणारे वकील मात्र मी रोज पाहतो, आणि आमच्यासाठी पाच दिवसांचे प्रशिक्षण सक्तीचे नाही.

नदीकाठ (मंगळवार, रात्री ९:३०)

@अबोली७, तिसरा दिवस पूर्ण यावरच होता. लैंगिक गुन्ह्यात दोघांना समोरासमोर आणण्याचा विचारसुद्धा नव्यानं शिकलेल्या माणसानं करायचा नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. पण गोल बसवायला आरोपी लागतोच असं नाही. मुलीभोवतीची माणसं बसवता येतात.

बऱ्याच वर्षांपूर्वीची एक मुलगी, ओळख पटेल असं सगळं बदलून लिहितेय. प्रकरण कोर्टात होतं. शाळेनं 'तिच्या भल्यासाठी' तिला मागच्या फाटकातून यायला सांगितलं होतं, सगळे आत गेल्यावर. आम्ही मोठी माणसं नुकसानभरपाई, समुपदेशनाची सत्रं, शाळा बदलणं असं बोलत होतो. तिला काय हवं ते विचारायला आम्हाला सात महिने लागले. ती म्हणाली, "मला पुढच्या फाटकातून यायचंय." बस. मुख्याध्यापिका, आई, मावशी, वर्गशिक्षिका आणि ती अशी बैठक झाली. मुख्याध्यापिका आधी 'आम्ही तर तिच्या काळजीपोटी' असं सुरू झाल्या, मग थांबल्या. सोमवारपासून मुलगी पुढच्या फाटकातून आली. खटला त्याच्या गतीनं चालत राहिला.

तेव्हा याला काही नाव असतं हे मला माहीत नव्हतं.

@माजी_फौजदार, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या २८ पैकी तिघांची बदली झालीसुद्धा. एक गोष्ट मात्र वेगळी केली होती: एकाच भागातले पोलीस, परिविक्षा अधिकारी आणि संस्थेची माणसं एका टेबलावर बसवली होती. म्हणजे एक गेला तरी दोघं उरतात. युरोप परिषदेनं २०१० मध्ये बालस्नेही न्यायाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही सगळ्या खात्यांचं प्रशिक्षण एकत्र घ्या असाच आग्रह आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा 'संवाद' उपक्रम मंडळाचे सदस्य, समुपदेशक वगैरेंना शिकवतो. तरी बंदोबस्त आडवा येतोच.

किवीतला_पुणेकर (बुधवार, पहाटे ४:२०)

ऑकलंडहून. इथे १९८९ च्या कायद्यापासून मुलांच्या गुन्ह्यांसाठी फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स आहे. मुळात न्यूझीलंडच्या मूळनिवासी माओरींची तक्रार होती की आमची मुलं उचलून संस्थांत टाकता आणि आमच्या कुटुंबाला, त्यांच्या भाषेत व्हानाऊला, विचारतही नाही. कायद्याआधीच्या एका सरकारी अहवालात ते परखडपणे मांडलं गेलं. बैठकीत मधे एक वेळ अशी असते की अधिकारी उठून बाहेर जातात आणि कुटुंब एकटं बसून योजना ठरवतं. मला ते आवडतं. आपले मामा-काका मात्र त्या वेळात काय ठरवतील, याची धास्ती वाटते :)

स्वर्ग नाही इथेही. ज्यांचं नुकसान झालं ते बऱ्याचदा येतच नाहीत, कामाच्या वेळी बैठक ठेवलेली असते. २०१३ मध्ये कॅम्पबेल कोलॅबोरेशन या संशोधनांचे आढावे काढणाऱ्या संस्थेनं अशा बैठकांच्या दहा प्रयोगांचा आढावा घेतला होता: पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण थोडं घटतं, पीडितांचं समाधान मात्र चांगलंच वाढतं. म्हणजे 'पोरं सुधारतात' म्हणून विकण्यापेक्षा 'ज्याला लागलं त्याला बरं वाटतं' म्हणून विकलं तर जास्त प्रामाणिक होईल.

सदाशिवची_बोळ (बुधवार, सकाळी ९:१०)

तंटामुक्ती आणि मागचं फाटक वाचून पहिला प्रतिसाद थोडा मागे घेतो. थोडाच. हातात कोयता घेऊन रील काढणाऱ्याला गोलात बसवून चेंडू देणार, हे चित्र अजून घशाखाली उतरत नाही.

तीनचाकी (बुधवार, दुपारी १२:३५)

मी सहसा नुसतं वाचतो. टायपिंग सांभाळून घ्या.

बिबवेवाडीत राहतो, स्वतःची रिक्षा आहे. मागच्या वर्षी रात्री दोन वाजता पोरं आली, लायनीतल्या सात-आठ गाड्या फोडल्या. माझी पुढची काच, मीटर आणि हूड फाडलं. पोरं रात्रीच पकडली, सगळी अठराच्या आतली, एक आमच्याच मागच्या गल्लीतला. ठाण्यात गेलो तर पंचनामा झाला, सही घेतली. त्यानंतर मला कोणी काही कळवलं नाही. एफआयआरची कॉपी मागितली, तर म्हणाले लहान मुलांच्यात तसं नसतं. अकरा दिवस रिक्षा बंद. विमा थर्ड पार्टी, त्यामुळे खिशातूनच.

पैसे गेले ते गेले. मी एवढंच विचारत होतो सगळ्यांना, माझीच का? माझी रिक्षा लायनीत तिसरी होती. पहिली सोडली, दुसरी सोडली. माझ्यावर राग होता का काही? तो पोरगा लहानपणी माझ्या रिक्षातून शाळेत जायचा. आता गल्लीत दिसला की तो पण मान खाली घालतो, मी पण. बायको म्हणते रिक्षा दुसरीकडे लावा.

माजी_फौजदार (बुधवार, दुपारी १:०५)

तुम्हाला खोटं नाही सांगितलं, पण नीटही नाही सांगितलं. वाईट वाटलं वाचून.

काळा_कोट (बुधवार, दुपारी १:५०)

@तीनचाकी, नियम असा: गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर मुलांवर एफआयआर न करता पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह ती मंडळाकडे जाते. मुलासाठी हे योग्यच आहे. पण ज्याचे नुकसान झाले त्याच्या हातात कागदच राहत नाही, आणि त्याला कळवण्याची जबाबदारी कुणाच्या अंगावर पडत नाही. हत्याराची कलमे लागली असतील तर तडजोड होणार नाही, पण तुम्ही तडजोड मागतच नाही आहात. मंडळाला साधा अर्ज देता येईल. कृपया प्रकरणाचा क्रमांक किंवा मुलाची ओळख पटेल असे काहीही इथे लिहू नका. कलम ७४ खाली तो गुन्हा आहे.

नदीकाठ (बुधवार, रात्री १०:४८)

@तीनचाकी, दिवसभर डोक्यात तुमचीच रिक्षा होती.

प्रशिक्षणात एक गोष्ट सांगितली होती. १९७४, कॅनडात ओंटारिओमधलं एल्मायरा. दोन तरुणांनी एका रात्रीत दारूच्या नशेत २२ ठिकाणी नासधूस केली. टायर फाडले, काचा फोडल्या. तिथल्या परिविक्षा अधिकाऱ्यानं न्यायाधीशांना सुचवलं की यांना त्या घरांत जाऊ द्या. दोघं दारोदार गेले, बोलले, पुढे नुकसान भरून दिलं. आज जगभर जे चाललंय त्याची सुरुवात बरेच जण तिथून धरतात. मी ती गोष्ट टिपून घेतली आणि लांबची म्हणून सोडून दिली.

थेट त्या मुलाकडे मी जाणार नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. व्यक्तिगत निरोपात ठाण्याचं नाव आणि तारीख पाठवा, त्याच्या परिविक्षा अधिकाऱ्यांशी बोलते. आधी तुम्हाला एकटं भेटेन. मग तो तयार असेल तर त्याला कुणीतरी भेटेल. तो 'नाही' म्हणू शकतो, आणि म्हणाला तर तेही तुम्हाला कळवेन. समोरासमोर बसणंच हवं असंही नाही. प्रश्न पाठवून उत्तर आणता येतं.

एक आधीच सांगते. 'माझीच का' याचं उत्तर कदाचित 'काही कारण नव्हतं, हाताला लागली' एवढंच निघेल. ते चालेल का, यावर विचार करून ठेवा.

तीनचाकी (गुरुवार, सकाळी ६:०५)

चालेल. राग नव्हता एवढं कळलं तरी रिक्षा तिथंच लावीन.

निरोप पाठवलाय. फोन अकरानंतर करा, त्याआधी शाळेची पोरं असतात.